क्लेमेंटचा वाटा

माझा भाऊ क्लेमेंट गेला त्याच्या अकरा दिवस आधी त्याने माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. लांबच्या फेअरबँक्स शहरातल्या इस्पितळात खिडकीजवळच्या खाटेवर तो पडला होता, हाताला नळ्या, तोंडाला कोरड. मला म्हणाला, "युनिस, मूसच्या डोक्याचं सूप मिळेल का गं कुठे? नाकाचा तुकडा घातलेलं."

आणि मी, त्याची सख्खी धाकटी बहीण, त्याला काय म्हणाले? म्हणाले, "आधी बरा हो. मग स्वतः मार आणि स्वतः खा. मी काय तुझी स्वयंपाकीण आहे?"

तो हसला. चोपन्न वर्षं त्याने माझं तोंड ऐकलं होतं, त्याला त्याचं काही वाटलं नसणार. पण मला वाटलं. अजून वाटतं. मला तेव्हा वाटत होतं की वेळ आहे, आणि वेळ आहे असं वाटलं की माणूस काहीही बोलून जातो.

गेलेल्या माणसाच्या नावाने वर्षाच्या सुमाराला आमच्याकडे मोठं जेवण घालतात. सगळा गाव येतो, नदीच्या वरच्या आणि खालच्या गावांतून माणसं येतात, गाणी होतात, भेटी वाटतात, आणि मग त्या माणसाला निरोप देतात. तोवर तो इथेच असतो, आपल्या मागेपुढे, उपाशी. जेवणातला त्याचा वाटा आगीत घालतात, मग तो त्याला पोचतो. त्या जेवणात डोक्याचं सूप लागतंच. ते नसलं तर कोणी एक शब्द बोलणार नाही. आमच्या गावात लोक बोलत नाहीत, हीच तर पंचाईत आहे.

सप्टेंबरमध्ये, मूस, म्हणजे आमच्या उत्तरेकडचं ते घोड्याएवढं हरीण, माजावर येण्याआधी, नर अंगाने भरलेले असतात. तेव्हाच शिकार करायची. पण नेमकं तेव्हाच बोटीचं इंजिन बसलं, सुटा भाग यायला तीन आठवडे लागले, आणि भाग आला तोवर नर माजावर आले होते. माजावरच्या नराच्या वाटेला शहाणा माणूस जात नाही. मांसाला असा वास येतो की कुत्रं आधी तुमच्याकडे बघतं आणि मग भांड्याकडे. मग नदीवर बर्फ धरायला लागलं, म्हणजे बोट चालत नाही आणि बर्फगाडीही चालत नाही. असं करत करत नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडला. जेवण शनिवारी. हंगाम रविवारी बंद. आणि आमचा फ्रीजर रिकामा.

सोमवारी सभागृहात जेवणाच्या तयारीसाठी सगळे जमले होते. माझा मावसभाऊ वेंडेल उठला. वेंडेल भला माणूस आहे, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच काही बोलणार आहे.

"युनिसताई, माझ्याकडे मागचे दोन पाय आहेत. ने की. ह्या थंडीत आता कुठे हिंडत बसतेस?"

"आणि डोकं?"

"डोकं काय राहतंय? केव्हाच संपलं."

"मग नाक कुठून आणू? तुझं घालू सुपात?"

सगळे हसले, वेंडेल सगळ्यांत जास्त. तिथेच खाली बसले असते तर बरं झालं असतं. पण माझं तोंड एकदा सुटलं की चार घरं पुढे जाऊनच थांबतं. मी टेबलावर हात आपटून म्हणाले, "शनिवारच्या आत मी मूस मारते आणि त्याचं डोकं ह्याच टेबलावर आणून ठेवते. चांगलं मोठं डोकं. बघत राहा!"

कोणीतरी कपात साखर ढवळत होतं, ते थांबलं.

आमच्याकडे खांद्यावर बंदूक टाकून, मागे स्लेजची घसरगाडी बांधून निघालेला माणूससुद्धा "जरा पलीकडे जाऊन बघून येतो" एवढंच म्हणतो. आख्खं जनावर घेऊन आलेला म्हणतो, "मिळालं थोडंसं." कारण जनावर ऐकत असतं. ते आपण मारत नाही, ते आपल्याला मिळतं, आणि फुशारक्या मारणाऱ्याला ते कशाला मिळेल? हे मला चालायला लागल्यापासून माहीत आहे. माझ्या नातवंडांनासुद्धा माहीत आहे.

ऑर्व्हिल मामा कोपऱ्यात बसले होते. माझ्या आईचे धाकटे भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, डोळे शाबूत. क्लेमेंटला आणि मला दोघांनाही शिकार त्यांनीच शिकवली. म्हणजे क्लेमेंट शिकला, मी तिथे हजर होते, असं ते सांगतात.

"झालं सांगून त्याला?" मामा म्हणाले.

"कोणाला?"

"ज्याला मारणार आहेस त्याला."

"मामा, रागाच्या भरात बोलले."

"त्याला काय कळतंय राग आला होता की ताप आला होता. त्याने ऐकलं. तो निघाला असेल एव्हाना." मग कप खाली ठेवून म्हणाले, "सकाळी उजाडायच्या आत ये. माझी गाडी घेऊ, तुझी फार बोंबलते. तुझ्यासारखीच."

मंगळवारी आम्ही नदी ओलांडून जुन्या पाणथळीकडे गेलो. पुढे मामा, मागे स्लेजवर मी. दरवर्षी तिथल्या वाळुंजीच्या झुडपांत चार-पाच तरी मूस असतात. त्या दिवशी खुणा सगळ्या जुन्या होत्या, पावलांत बर्फ भरून गोठलेलं, लेंड्या दगडासारख्या. दिवसभर हिंडलो. सहा तासांचा दिवस तो. अंधार पडता पडता परत आलो तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या चौघांनी आमच्या रिकाम्या स्लेजकडे बघितलं आणि मग आकाशाकडे बघितलं.

"हवा चांगली आहे," त्यांतला एक म्हणाला.

बुधवारी मात्र दिसला. एका गोठलेल्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर भला थोरला नर, शिंगं अजून डोक्यावर, दोन्ही हात पसरले तरी मावणार नाहीत एवढी. वारा आमच्याकडे येत होता. दीडशे पावलांचं अंतर. मी हातमोजा काढला, गाडीच्या आडून नेम धरला. छाती नेमकी समोर. बोट घोड्यावर होतं.

मामा शेजारीच होते. दुर्बीण डोळ्याला लावून बसले होते.

मग तो वळला आणि आडवा उभा राहिला. त्याची हाडं मला दुर्बिणीशिवाय दिसली. ढुंगणाचे दोन्ही सांधे वर आलेले, बरगड्यांवर कातडी ताणलेली, मानेवर भांडणातल्या जखमेचा सुकलेला चट्टा. महिनाभर त्याने खाल्लं नव्हतं. माद्यांच्या मागे धावला, दुसऱ्या नरांशी झुंजला, आणि आता बिचारा एकेक काडी चावत होता. वास ओसरला असेल एव्हाना, पण चरबीचा टिपूस नाही. असल्याच्या डोक्याचं सूप म्हणजे केस घातलेलं गरम पाणी. वर्षभर उपाशी असलेल्या भावापुढे मी हे ठेवू?

मी बंदूक खाली केली.

"डोकं मोठं होतं," मामा म्हणाले. "तू म्हणालीसच होतीस मोठं म्हणून."

"मामा, नका छळू."

"छळत नाही. बरं केलंस. त्याला हिवाळा काढू दे. जमलं तर."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. वेंडेल घरी आला, बूट न काढताच दारात उभा राहिला. "ताई, हातातला सोडलास म्हणे?"

"सोडला."

"अगं, उद्या-परवा दोनच दिवस राहिले."

"मला मोजता येतं, वेंडेल."

"माझे पाय खाली काढून ठेवतो विरघळायला. असू देत. लागले तर लागले."

तो इतक्या चांगुलपणाने बोलला की मला आणखीच राग आला. तो गेल्यावर मी भांडी आपटत होते तर लव्हिना वहिनी, क्लेमेंटची बायको, शिवणावरून मान वर न करता म्हणाली, "भांड्यांनी काय केलंय गं?" तिच्या मांडीवर बीव्हरच्या कातड्याचे हातमोजे होते. शनिवारी वाटायला वर्षभरात तिने एकोणीस जोड्या शिवल्या होत्या. रडायचं तेव्हा रडली आणि उरलेल्या वेळात शिवत बसली. मला असं शिवता येत नाही, नीट रडताही येत नाही.

"वहिनी, तुला काय वाटतं? पायांचंच करावं का?"

तिने दोरा दाताने तोडला. "तो इस्पितळात मला तुझ्या नकला करून दाखवायचा. तू मागावर कशी चालतेस ते. खाटेवर बसल्या बसल्या दोन बोटांनी, धाडधाड सरळ. म्हणायचा, मूसला युनिस एक मैलावरून ऐकू येते, मग तो बायकापोरांना सांगून निवांत निघतो."

"माणूस मरायला टेकला होता आणि माझी टवाळी करत होता?"

"दुसरं काय करणार? तेवढंच त्याला हसू यायचं." मग मोजा उलटा करून शिवण बघत म्हणाली, "पायांचं नको करू. जा अजून."

गुरुवारी काही नाही. एक मादी दिसली, मागे वासरू. वासरू असलेली मादी आम्ही मारत नाही. मामा दिवसभर जेमतेम दहा शब्द बोलले आणि त्यातले चार चहाबद्दल होते. परत येताना मी विचारलं, "मामा, माझ्या बोलण्यामुळेच होतंय का हे?"

"मला काय माहीत? मी मूस आहे का?"

"पण काहीतरी करता येत असेल ना. आजी काय करायची अशा वेळी?"

"तुझी आजी असं बोलायचीच नाही." थोडं पुढे गेल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि मागे वळून म्हणाले, "जे तोंडाने बिघडवलंस ते तोंडाने नीट होणार नाही. पायाने बघ काही होतंय का."

शुक्रवारी पहाटे उणे पंचवीस होतं. रात्री दोन बोटं नवं बर्फ पडलं होतं. हा माझा शेवटचा दिवस. डोकं भाजून, केस खरवडून, रात्रभर उकळल्याशिवाय सूप होत नाही. म्हणजे अंधाराआधी जनावर गावात यायला हवं होतं. नाहीतर उद्या सगळ्यांसमोर वेंडेलचे पाय वाढायचे, आणि क्लेमेंटला जे इस्पितळात मिळालं नाही ते इथेही न देता निरोप द्यायचा. एकदा निरोप दिला की मागून काही पाठवता येत नाही.

नदीच्या वळणापाशी, भूर्जाच्या जुन्या जळक्या रानाच्या तोंडाशी, मामांनी गाडी एकदम बंद केली. मलाही दिसलं. नव्या बर्फात ताजा माग. मी गुडघ्यावर बसून पावलात बोट घातलं. कडा अजून धरल्या नव्हत्या, भुसभुशीत होत्या. वाळुंजीचे शेंडे नुकतेच तोडलेले, आतलं पांढरं लाकूड ओलं. लेंड्या बोटाने दबत होत्या.

मामांनी काठीने बर्फातला एक पिवळा डाग दाखवला. मागच्या खुरांच्या पुढे पडलेला. म्हणजे नर. पण पाऊल फार मोठं नव्हतं.

"तीन वर्षांचा असेल," मामा हळू आवाजात म्हणाले. "ह्याला मोठ्यांनी माद्यांजवळ फिरकू दिलं नसणार. महिनाभर नुसता बाजूला उभा राहून खात बसला असेल."

"म्हणजे गुबगुबीत."

"वेंडेलसारखा."

मला हसू फुटलं, ते मी हातमोज्यात दाबलं. मामांनी थर्मास काढला, गाडीवर बसले आणि माझ्याकडे बघितलंही नाही. पुढे मला एकटीला जायचं होतं. मी बर्फावर चालायचे रुंद जोडे बांधले नाहीत, बर्फ घोट्याच्या वर नव्हतं. बंदूक घेतली आणि माग धरून निघाले.

दहा पावलं गेले आणि थांबले. मी सरळ मागावरूनच चालत होते.

मूसच्या मागावरून कधी चालायचं नसतं. पोट भरलं की मूस झोपायच्या आधी उलटा फिरतो, वाऱ्याच्या खालच्या बाजूने, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडून, आपल्याच मागाशेजारी येतो आणि तिथे बसतो. मागावरून येणाऱ्याचा वास त्याला आधी लागतो. म्हणून आमची माणसं माग सोडतात. वाऱ्याच्या खालच्या अंगाने मोठा अर्धा वळसा घालतात, पुन्हा हळूच मागाला येऊन भेटतात, माग पुढे गेलेला दिसला की पुन्हा वळसा. असं करत जायचं, कितीही वेळ लागो. जिथे वळसा मारून आलात आणि माग नाही, तिथे समजायचं की तो मागे राहिला, ह्या वळशाच्या पोटात कुठेतरी बसलाय. मग मागे फिरून छोटे वळसे.

क्लेमेंट असाच चालायचा. अर्ध्या मैलाला अर्धा दिवस. मी त्याच्यामागे दात आवळत यायचे आणि म्हणायचे, "अरे पाऊल समोर दिसतंय, आंधळा आहेस का?" बऱ्याचदा जनावर मीच उठवलं. तो एकदाही रागावला नाही. मला आज वाटतं, एकदा तरी रागवायला हवा होता.

मी माग सोडला. पहिला वळसा घातला, माग होता. दुसरा घातला, माग होता. तिसऱ्या वेळी जळक्या खोडांमधून जावं लागलं, एकेक पाऊल आधी दाबून बघत, मग वजन टाकत. माग होता, पण आता पावलं रेंगाळत होती, इकडेतिकडे, दुपारच्या झोपेला जागा शोधणाऱ्यासारखी. चौथा वळसा घालून आले आणि समोर कोरं बर्फ.

तो माझ्या मागे होता. दोनशे पावलांच्या आत कुठेतरी.

आणि नेमका तेव्हाच वारा पडला.

वारा वाहत असला की फांद्या हलतात, बर्फ गळतं, माणसाच्या पावलाचा आवाज त्यात मिसळून जातो. वारा पडला की उणे पंचवीसमध्ये बर्फावर टाकलेलं प्रत्येक पाऊल वाळलेल्या माशाचा तुकडा दाताने मोडावा तसं वाजतं. एक पाऊल टाकलं असतं तरी तो उठून गेला असता. सूर्य टेकडीच्या वर जेमतेम हातभर आला होता, तो तिथूनच खाली जाणार होता. माझ्याकडे फार तर दोन-अडीच तास होते.

मी उभी राहिले. एका जळक्या खोडाला पाठ लावून.

पहिली पंधरा-वीस मिनिटं मी स्वतःशी भांडत होते. चल, चार पावलं टाक, दिसेल, उठला तर उठला, धावता मार. माझे पाय खरंच पुढे जायला बघत होते. मी त्यांना थांबवलं. पायाचे अंगठे आधी दुखले, मग दुखायचे थांबले, ते जास्त वाईट. बुटात बोटं आखडत राहिले. पापण्यांवर बर्फ धरलं. श्वास कॉलरमध्ये सोडत होते. खोकला आला तो गिळला, डोळ्यांत पाणी आलं ते गालावरच गोठलं. पाय आपटता येत नव्हते, हात चोळता येत नव्हते.

आणि तिथे उभं राहून माझ्या डोक्यात तेच वाक्य फिरत होतं. मी काय तुझी स्वयंपाकीण आहे? हो, आहे ना. आईनंतर तुला जेवायला कोण घालत होतं, लग्न होईपर्यंत? मग त्या एका दिवशीच काय धाड भरली होती मला? तेव्हा मी घाबरले होते, हे खरं कारण. त्याचे हात बघितले होते मी, मनगटं पोरीसारखी झाली होती. भीती वाटली की मी रागावते. भावाने सूप मागितलं आणि मी घाबरले, कारण शेवटचं असावं तसं त्याने मागितलं होतं.

तास गेला. सावल्या लांबल्या. मामा तिकडे गाडीवर बसून गोठले असतील, असं वाटलं. एकदा मनात आलं, जाऊ दे, वेंडेलचे पाय आहेतच. ते मनात आल्याचाच मला इतका संताप आला की थोडी ऊब आली. अंधार पडेपर्यंत मी इथून हलणार नाही, असं ठरवलं. अंधार पडला तर पडू दे. निदान मी उभी होते एवढं तरी क्लेमेंटला दिसेल.

मग उजव्या गालाला गार लागलं. आधी वाटलं भास आहे. मग वरच्या फांदीवरून बर्फाची भुकटी सांडली. दूर भूर्जाची साल फडफडली. वारा आला होता, आणि त्याच बाजूने आला होता, त्याच्याकडून माझ्याकडे.

वाऱ्याचा झोत आला की दोन पावलं. झोत थांबला की मी थांबायचे. छोटा वळसा. काही नाही. पुन्हा झोत, पुन्हा दोन पावलं. दुसऱ्या छोट्या वळशात, एका पडलेल्या स्प्रूसच्या झाडाच्या मुळांमागे, मला एक कान दिसला. फक्त कान. तो हलला आणि पुन्हा स्थिर झाला. मी बघत राहिले तशी त्या कानाभोवती हळूहळू डोकं दिसलं, छोटी शिंगं, पाठीची गडद रेघ. माझ्यापासून साठ पावलं. तोंड पलीकडे, आपल्या जुन्या मागाकडे. तो मागावरून येणाऱ्या कोणाची तरी वाट बघत होता. दुसऱ्या कुठल्याही वर्षी मीच तिकडून आले असते.

उजवा हातमोजा दाताने काढला. बोटांना घोडा लागत नव्हता, म्हणून डोळ्याने बघून बोट आत ठेवलं. बसलेल्यावर झाडायचं नव्हतं, मुळं आड येत होती. मी मुद्दाम एक सुकी काडी पायाखाली मोडली.

तो उठला. घाई न करता, आधी मागचे पाय, मग पुढचे. वळून माझ्याकडे बघितलं. अंगावरचे केस चमकत होते, पाठ भरलेली, गोल. किती वेळ बघितलं कोण जाणे. मी तोंडातून शब्द काढला नाही. मग तो वळून, कूस माझ्याकडे करून उभा राहिला.

मी एकच गोळी झाडली.

तो सात-आठ पावलं चालला आणि पुढच्या गुडघ्यांवर बसला, आणि मग कुशीवर कलला. मी होते तिथेच बर्फात बसले. पाय आता आपटता येत होते, पण ते मला सुचलंच नाही.

मामा आले ते गाडी जळक्या रानातून वाट काढत आणून. जनावराकडे बघायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझा उघडा हात आपल्या कोटाच्या आत, काखेत धरला आणि तसाच दाबून ठेवला. बोटांत जीव आला तेव्हा मी कळवळले.

"बोटं शिल्लक आहेत," ते म्हणाले. "एकच गोळी ऐकली मी."

"एकच."

"किती वेळ उभी होतीस?"

"माहीत नाही."

"मला माहीत आहे. दोन थर्मास चहा झाला माझा." ते वाकून त्याच्याजवळ गेले, मानेवर हात ठेवला आणि आमच्या जुन्या भाषेत त्याला काहीतरी सांगितलं, आभारासारखं, थोडं माफी मागितल्यासारखं. मग सुरी काढून छातीपाशी चिरलं. चरबीत त्यांचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. बोट मला दाखवलं. मामांना मी पंचावन्न वर्षं ओळखते, त्यांचा चेहरा मला वाचता येतो.

"मिळालं थोडंसं," मी म्हणाले.

"हं. थोडंसं."

उजेड जात होता, पण अजून होता. आम्ही भराभर काम केलं. डोकं वेगळं करून मी ताडपत्रीत गुंडाळलं आणि स्लेजवर सगळ्यांत आधी बांधलं. बाकीच्यासाठी वेंडेलला बोलवावं लागणार होतं, आणि तो "ताई, मी म्हणालोच होतो" असं न म्हणता येईल, हे मला माहीत होतं.

मी दोर आवळत होते तेव्हा मामांनी वाळक्या फांद्या गोळा करून छोटी शेकोटी केली होती. मला वाटलं माझ्या पायांसाठी. त्यांनी सुरीने छातीची चरबी आणि, ताडपत्री जरा उघडून, नाकाच्या कडेचा एक मऊ तुकडा कापला आणि माझ्या हातात दिला.

"उद्या द्यायचा ना हा?" मी म्हणाले. "सूप झाल्यावर, सगळ्यांसमोर."

"उद्या गाव जेवेल. तो वर्षभर उपाशी आहे. त्याला आत्ता दे."

मी शेकोटीजवळ बसले. तुकडा आगीत ठेवला, निखाऱ्याच्या अगदी मधोमध, आणि काहीतरी बरं बोलायला तोंड उघडलं. आणि काय बाहेर पडलं, तर हे.

"घे. उशीर झाला, माहीत आहे मला. सूप नाही, भाजकं आहे, पण नाक आहे त्यात. आणि तू तरी काय रे, पोटात दुखतंय म्हणून चार महिने कोणाला सांगितलं नाहीस? मी काय परकी होते? नदीत जाळी टाकत बसलास, मासे वाळवत बसलास, आणि सांगितलंस कधी, तर उभं राहता येईना तेव्हा! आणि मग सूप मागतोस! इस्पितळात! मी कुठून आणणार होते सूप? मी काय मूस घेऊन लिफ्टमध्ये चढणार होते? आणि मी बोलले ते, ते मला म्हणायचं नव्हतं रे, तुला माहीत आहे मला काय म्हणायचं होतं. मी तुला रोज करून घातलं असतं, रोज, तू फक्त..."

चरबी आगीत चरचरत होती, धूर सरळ वर न जाता माझ्याकडे येत होता आणि मी त्यातच रडत होते, तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखी. वर्षभरात मी अशी रडले नव्हते.

मामांनी गुडघे सावरत माझ्या शेजारी बैठक मारली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"युनिस," ते म्हणाले, "गप गं. जेवू दे त्याला."

मी गप्प बसले. त्याचं जेवण होईपर्यंत आम्ही दोघंही तिथेच बसून राहिलो.